बांधायची ती चाकं

चिंचवड

चि. तन्मय,
अनेक आशीर्वाद.

ट्रेलरवर बांधलेल्या तुझ्या मियाटा गाडीचा फोटो पोचला. लाल रंग झकास आहे. बाबांनी लगेच तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि दिवसभर अभिनंदनं गोळा केली. मी मात्र गाडीआधी पट्टे बघितले. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्या ट्रेलरवर नीट चढल्या की नाही आणि पोचल्यावर त्यांना कुठे काय लागलंय, हे तपासण्यात जिची नोकरी गेली, तिची नजर आणखी कुठे जाणार? ही गाडी ट्रेलरवर घालून तू शनिवारी मिशिगनमधल्या साउथ हेवनजवळच्या जिंजरमॅन रेस-ट्रॅकवर नेणार आहेस. फोनवर सांगायला लागले तर "हो आई, हो आई" म्हणत तू दुसरंच काहीतरी करत बसशील, म्हणून लिहूनच पाठवते.

फोटो मोठा करून पाहिला. पुढचे दोन्ही पट्टे बंपरमध्ये आटे फिरवून बसवायच्या त्या एकुलत्या टो-हुकाला अडकवलेत. मागे एकच पट्टा, तोही बहुतेक अँटी-रोल बारला, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या सळईला. आणि गाडी एवढी खाली खेचलीस की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटसुद्धा शिरणार नाही. जेवढं आवळू तेवढं पक्कं, असं तुला वाटलं असणार. डिस्पॅचला नवीन लागलेल्या प्रत्येक पोराला तसंच वाटायचं.

अरे, गाडीला स्प्रिंगा आहेत. पट्टा बॉडीला बांधलास की त्याचा सगळा ताण त्या स्प्रिंगांच्या भरवशावर राहतो. ट्रेलरचं चाक खड्ड्यात आपटलं की बॉडी आणखी खाली बसते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हूक निसटायला तेवढा क्षण पुरतो. निसटला नाही, तर बॉडी वर उसळताना पट्ट्याला हिसका बसतो, आणि असे हिसके सगळ्या वाटेभर बसत राहतात. हिवाळ्यात पाणी गोठून-वितळून तिकडचे रस्ते किती उखडतात ते तूच मला सांगितलंयस. ॲन आर्बरहून जॅक्सन, बॅटल क्रीक, कलामझू असा आय-९४ हायवे तुला जवळजवळ सगळ्या वाटेत लागणार.

म्हणून चाकं बांध. चाक ट्रेलरच्या फळीला घट्ट धरलेलं असलं की वरची गाडी रस्त्यावर असल्यासारखी आपल्या स्प्रिंगांवर खालीवर होत राहते आणि पट्ट्याचा ताण बदलत नाही. चिंचवडच्या मालधक्क्यावरून रेल्वेने जाणाऱ्या गाड्या घे किंवा चाकणहून कॅरिअरवर जाणाऱ्या, आम्ही आधी चाकंच बघायचो. टायरवरून जाणारे तीन टोकांचे पट्टे मिळतात. त्यांवर रबराचे ठोकळे असतात, ते टायरच्या नक्षीत धरतात. एक टोक चाकाच्या पुढे, एक मागे, आणि रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची कळ, तुझा हात सहज पोचेल अशा बाजूला. एकेका चाकाला एक, असे चार घे. फक्त तू स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली असलीस, तर मडगार्डची कड या पट्ट्यावर घासेल. मग चाकाच्या आऱ्यांमधून ओवायचे, कापडी खोळीचे पट्टे वापर, पण ओवताना ब्रेकचा पाइप आणि ए.बी.एस.ची वायर कुठून जाते ते आत वाकून बघ. स्टिअरिंगच्या टाय-रॉडला हूक कधीच लावायचा नाही. तो रॉड वाकला की ट्रॅकवर पोचून अलाइनमेंट शोधत बसशील. टो-हूक हा बंद पडलेली गाडी सरळ ओढण्यासाठी असतो. बांधून नेण्यासाठी तो चालतो की नाही, ते मियाटाच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय त्याला हात लावू नकोस.

तिकडचे नियम मी वाचून काढलेत. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत व्यावसायिक ट्रकवरच्या मालासाठी आकडे दिलेत: बांधणी अशी हवी की ब्रेक लागल्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट आणि वर उचलणारा निदान एक पंचमांश जोर ती सोसेल. तुझी मियाटा साधारण २,४०० पौंडांची. म्हणजे जोराचा ब्रेक दाबलास की ती १,९०० पौंडांहून जास्त जोराने ट्रेलर ओढणाऱ्या तुझ्या पिकअपकडे यायला बघणार. अशा वेळी गाडीला मागे खेचून धरणारी बांधणीच कामाला येते, आणि नेमका तिथे तू एकच पट्टा लावलायस! गाडी पुढून आणि मागून दोन्हीकडे धरलेली हवी ही नियमातलीच अट आहे, आणि मी तर दोन्ही टोकांना दोन-दोन पट्टे म्हणेन. तुझी गाडी खासगी असली तरी ब्रेकला ते कळत नाही.

दुकानदार पट्ट्यावरचा मोठा आकडा दाखवतो, १०,००० पौंड. तो पट्टा तुटायचा आकडा. कामाचा आकडा त्याच्या एक तृतीयांश, ३,३३३, आणि तो लेबलवर बारीक अक्षरांत असतो. लेबलच गेलेलं असेल तर तो पट्टा टाकून दे. पट्टा ज्या कडीला अडकवतोस तिचा आकडाही बघ. ५,००० ला तुटणारी कडी कामाला १,६६६ चीच, मग तिच्यावर केवढाही जाड पट्टा लाव. आणि ती कडी खालच्या लोखंडी आडव्या पट्टीला बोल्टने बसवलेली हवी. नुसत्या लाकडी फळीत स्क्रूने ठोकलेली असेल तर तिचा विचार करू नकोस. पट्टा पॉलिएस्टरचा घे, नायलॉन ताणला जातो. धारदार कडेवरून जात असेल तिथे खोळ घाल. गाठ मारून पट्टा लांबवणं किंवा आखडणं मला बिलकूल खपत नाही.

रॅचेटच्या दांडीवर पट्ट्याचे दोन-तीनच वेढे बसू देत, फार गुंडाळलास तर सोडताना अडकून बसेल. लांब उघड्या पट्ट्याला अर्धा पीळ दे, नाहीतर वाऱ्यात तो फडफडून गुणगुणायला लागतो आणि त्याच्या कडा झिजतात. उरलेलं टोक बांधून टाक, ते टायरखाली जाता कामा नये.

आता वजन. माझ्या मते पट्ट्यांपेक्षाही जास्त अपघात यानेच होतात, पण यावर कोणी बोलत नाही, कारण ते फोटोत दिसत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे पिकअपच्या गोळ्यावर पडायला हवा. ट्रेलर २,००० पौंडांचा धर, गाडी २,४००, जास्तीचे टायर आणि हत्यारं ३००: झाले ४,७००. तेव्हा जोडावर ४७० ते ७०० पौंड. त्याहून कमी पडला की ट्रेलरची शेपटी डुलायला लागते, आणि वेग वाढला की ते डुलणं वाढत जाऊन पिकअपलाच रस्त्याबाहेर काढतं. फार जास्त झाला तर पिकअप मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. बाबा स्कूटरच्या मागे सिलिंडर बांधून आणायचे तेव्हा हँडल कसं हलकं व्हायचं, आठवतंय ना?

मियाटाचं इंजिन पुढे, म्हणून ती नाक पुढे करूनच चढव आणि इंचा-इंचाने पुढेमागे करून भार जमव. तुझ्या त्या मित्राची पोर्श ९११ असेल तर हिशोब उलटा. इंजिन मागच्या आसाच्याही मागे, त्यामुळे बरेच लोक ती उलटी, शेपूट पुढे करून चढवतात. ॲन आर्बरच्या आसपास हायवेच्या ट्रक-स्टॉपवर कॅट स्केलचा वजनकाटा असेल. नुसत्या पिकअपचं एकदा आणि ट्रेलर जोडून एकदा वजन कर. दुसऱ्या खेपेला पिकअपच्या चार चाकांवर जितकं वाढलं, तितका जोडावरचा भार. बरोबर जागा सापडली की मियाटाची पुढची चाकं जिथे उभी असतील तिथे फळीवर रंगाने रेघ मार, पुढच्या वेळी मोजत बसायला नको.

चढवण्याआधी ट्रेलर पिकअपला जोडलेला हवाच. मोकळ्या ट्रेलरच्या शेपटीवर गाडीची चाकं चढली की त्याचं तोंड हवेत उडतं. जोडाचा गोळा आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड, म्हणजे कपलर, एकाच मापाचे आहेत का ते वाचून बघ. २ ५/१६ इंचाच्या कपलरमध्ये २ इंचाचा गोळा बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या उंचवट्यावर सुटतो. कपलरची कडी लावल्यावर जॅकने ट्रेलरचं तोंड वर उचल: पिकअपचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर जोड लागलाय. साखळ्या जोडाखालून फुली घालून अडकव, म्हणजे जोड सुटलाच तर तोंड त्यांच्यावर टेकेल, रस्त्यात रुतणार नाही. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी ती बारीक तार या साखळ्यांना बांधू नकोस. तिला पिकअपवर वेगळी जागा दे, म्हणजे साखळ्या तुटल्या तरी ती आपलं काम करेल.

मियाटाचं नाक खाली. रॅम्पच्या टोकाखाली फळ्या टाकून उतार लांबव आणि समोर खुणा करायला कुणाला तरी उभं कर. दार ट्रेलरच्या मडगार्डवर आपटेल, तर छप्पर उघडून वरून बाहेर ये. तुझ्या गाडीला तेवढी सोय आहे! मात्र निघण्यापूर्वी छप्पर लावून कड्या घाल. उघड्या ट्रेलरवर कापडी कव्हर घालून गाडी नेऊ नकोस, वाऱ्याने ते फडफडतं आणि रंगाला पॉलिश पेपरसारखं घासतं.

पहिला गिअर टाक, हँडब्रेक ओढ, चाकांपुढे-मागे ठोकळे लाव. परतीला मात्र वेगळं. ट्रॅकवरून उतरलेल्या गाडीचे ब्रेक तापलेले असतात, तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवलास तर पॅड डिस्कला चिकटतात. ब्रेक थंड होईपर्यंत नुसता गिअर आणि ठोकळे पुरेत.

ट्रेलर मित्राचा आहे, तेव्हा टायरचं वय बघ. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे: २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली म्हणून फसू नकोस, ट्रेलरचे टायर उभ्या-उभ्याच म्हातारे होतात. टायर थंड असताना हवा भर. 'एसटी' म्हणजे खास ट्रेलरसाठीचे असं लिहिलेल्या टायरवर वेगळा वेग दिला नसेल तर ताशी ६५ मैलांच्या वर जाऊ नकोस. तिकडच्या हायवेवर सगळे पुढे जातील, जाऊ देत.

निघाल्यावर दहा-पंधरा मैलांत एकदा थांब. पट्टे तोवर बसतात, थोडे सैल पडतात. चारही आवळ आणि चाकांच्या नटांना पाना लावून बघ. ट्रकवाल्यांना पहिल्या ५० मैलांत आणि मग दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी माल तपासायचा नियमच आहे. तू पेट्रोलला थांबशील तेव्हा-तेव्हा फेरी मारलीस तरी चालेल. नुसतं बघू नकोस, प्रत्येक पट्टा हाताने दाबून बघ.

साउथ हेवन सरोवराच्या काठी आहे, बाजूचा वारा असतो. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नकोस आणि वेग वाढवून तो सरळ करायला जाऊ नकोस. पाय उचल, स्टिअरिंग सरळ धर आणि पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची दांडी हाताने हळू सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लाव. ही दांडी कुठे आहे ते रिकाम्या पार्किंगमध्ये अंधारातसुद्धा हाताला सापडेल इतकं घोकून ठेव.

ट्रेलरची स्टेपनी आणि तिच्या नटांना बसणारा पाना बरोबर घे. पिकअपचा पाना बसेलच असं नाही. जॅकखाली ठेवायला एक जाड फळी घे, रस्त्याकडेची माती मऊ असते. टेललाइट संध्याकाळी निघताना कुणाला तरी मागे उभं करून तपास, येताना काळोख झालेला असेल.

बाबा विचारतायत, इन्शुरन्सचं काय? नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वगळलेलं असतं. गाडी ट्रेलरवर असताना काही झालं तर ते कुणाच्या पॉलिसीत जातं, पिकअपच्या की मियाटाच्या, हे एजंटला ईमेलवर विचार. फोनवर नको, उत्तर लेखी हवं.

तुझी,
आई