सूचना : कारागिराने जास्तीचे पैसे मागितले तर

मंडळी, गेल्या काही दिवसांत ग्रुपवर दोन-तीन जणांनी हेच विचारलंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. काम झाल्यावर प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन कोणीही ठरल्यापेक्षा जास्त मागायला लागला तर दारातच आवाज चढवू नका, आधी शांतपणे म्हणा की एक्स्ट्रा कशाचं ते मजुरी वेगळी, सामान वेगळं असं लिहून द्या आणि सामानाची बिलं दाखवा. खरंच काम वाढलेलं असतं बरं का, भिंत फोडल्यावर आतला पाईप सडलेला निघतो, त्यात त्याची काय चूक? पण ते तेव्हाच सांगायला हवं होतं, शेवटी नाही. आणि तुम्हीच मधे "हे पण करून टाका" म्हणाला असाल तर त्याचे पैसे द्यावेच लागतील. जेवढ्यावर वाद नाही तेवढी रक्कम लगेच देऊन टाका, शक्यतो ऑनलाइन, सगळंच अडवून ठेवलं की आपलीच बाजू लंगडी पडते. उरलेल्याबद्दल मेसेजवर लिहूनच बोला, कामाचे फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी कोटेशन घेताना ते फिक्स आहे की नुसता अंदाज एवढं विचाराच, निम्मी भांडणं तिथंच असतात. कोणाकडे मेसेजचा नमुना असेल तर ग्रुपवर टाका.