माई नुसती 'गृहिणी' नव्हती

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या आजीची निधनवार्ता आली. डिचोलीतल्या ज्येष्ठ गृहिणी, वय ९६, पश्चात तीन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं. मजकूर घरूनच दिला होता त्यामुळे तक्रार काही नाही, उलट आभार. ती स्वतः पेपर आला की आधी तेच पान काढायला लावायची, 'कोण गेलो तो पयलो सांग' म्हणायची, मग बाकीचं सावकाश, राजकारण सगळ्यात शेवटी. पण चार ओळींत मावलं नाही ते लिहावंसं वाटलं.

सगळा बाजार तिला माई म्हणायचा. माहेर दोडामार्गकडचं, म्हणजे आता महाराष्ट्रात. आज बाईकवर अर्ध्या तासात पोचतो आपण, पण तिचं लग्न झालं तेव्हा अलीकडे गोव्यात पोर्तुगीज राज्य आणि पलीकडे सावंतवाडी संस्थान, नंतर स्वतंत्र भारत. आधी ये-जा चालायची, १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहानंतर भारताने बॉर्डर बंद केली आणि सगळंच अडलं. त्या वर्षांत गोव्यात हॉलंडचे बटाटे आणि पाकिस्तानचा तांदूळ बोटीने यायचा, ते ती हसत सांगायची. वडलांचं मात्र हसत नाही सांगायची. ते त्याच काळात वारले आणि तिला कळलं ते बारावं-तेरावं उरकून गेल्यावर, कोणीतरी रानवाटेने निरोप आणला तेव्हा. ती अंगण सारवत होती. बादलीतलं शेणपाणी संपेपर्यंत सारवत राहिली आणि मग न्हायला गेली, एवढंच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि थोड्याच दिवसांत ती धाकट्या लेकीला कडेवर घेऊन माहेरी गेली. पुढे दरवर्षी त्या दिवशी टीव्हीवर भाषणं लागली की म्हणायची, 'आवाज कमी कर रे, तेन्ना हांव खंय आसलें तें म्हाका खबर आसा' (तेव्हा मी कुठे होते ते मला माहीत आहे).

आता कुळागराचं, म्हणजे आमच्या पोफळी-माडांच्या बागेचं, जे मला खरं सांगायचंय. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड आहे, वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की बायको निम्म्याची मालकीण आणि तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. कायदा सगळ्यांना पाठ, पण बायका अजूनही जिथे बोट दाखवाल तिथे सही करून मोकळ्या होतात हेही सगळ्यांना माहीत. खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या कुळागराला चांगला भाव आला, आजोबा तयार झाले, कागद झाले, फक्त माईची सही बाकी. ती ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली वाचून दाखवा. एकदा वाचला, म्हणाली परत. मग विचारलं, झरीच्या पाण्याचं यात खंय आसा (कुठे आहे)? कोणी नीट उत्तर देईना, तशी पेन टेबलावर ठेवून उठली. आजोबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, जेवण मात्र वेळेवर मिळत होतं. म्हणून आजही आमच्या चवथीच्या माटोळीला (गणपतीवर फळं-पानं बांधतात ती चौकट) सुपारीचे शिपटे आणि नारळाची पेण म्हणजे घड, तोरिंजन हे मोठं लिंबासारखं फळ, सगळं घरचं असतं, बाजारातून फार तर कवंडाळ हे रानफळ आणतो.

ती देवमाणूस होती वगैरे मी म्हणणार नाही. तोंडाने फटकळ होती, सुनांना अजिबात सोपी नव्हती, माझी आई अजून एकेक किस्से सांगते (आणि सांगताना तिच्यासारखीच दिसते, हे तिला सांगायची हिंमत नाही). पण आईला बँकेत स्वतःचं खातं उघडून दिलं ते माईनेच, घरात कोणी सुचवायच्या आधी.

तुम्हाला एक विनंती. सत्याग्रहींच्या याद्या झाल्या, त्यांचे सत्कार झाले, व्हायलाच हवे होते. बॉर्डरच्या एका बाजूला सासर आणि दुसऱ्या बाजूला माहेर असलेल्या बायकांना मात्र कोणी काही विचारल्याचं मला तरी आठवत नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीत घरोघरी अशी एखादी म्हातारी अजून असेल, पण आता फार नसतील. रविवारच्या पुरवणीत पाव पान त्यांच्यासाठी काढा, वाचकांकडून मागवा, लोक पाठवतील. माईचं थोडं बोलणं माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं आहे, मध्येमध्ये मिक्सरचा आवाज येतो पण समजतं, हवं असेल तर पाठवतो.

एक वाचक, डिचोली