खोली नंबर सातमधल्या मैत्रिणीला

पाटोदा,
रविवार, रात्री

प्रिय बयो,

दिवाळीपासून तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे. रागावली असशील तर आत्ताच रागावून घे, पुढचं वाचून आणखी रागावणारच आहेस.

बयो, मी परत तेच केलं. साक्षरता वर्गात केलं होतं, तेच.

वर्षभर बीटबीट, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटागटांत, फिरून मी अंगणवाडी सेविकांना शिकवतेय, की लेकरासोबत पुस्तक कसं वाचायचं हे त्यांनी पालकांना कसं दाखवायचं. पुस्तक लेकराच्या हातात द्या, पानं त्यालाच उलटू द्या. ‘हे काय, ते काय’ अशी उलटतपासणी नको, ‘आता काय होईल?’ असं विचारा. ते ‘कुत्रा’ म्हणालं तर आपण म्हणायचं, ‘हो, भिजलेला कुत्रा’. रोज दहा मिनिटं पुरेत. मग भूमिकाभिनय व्हायचा. एक सेविका आई, दुसरी लेकरू. खूप हसायच्या. मला वाटायचं, जमलं.

जानेवारीत एका वाडीवर पालक मेळाव्याला गेले. दिवाळी झाली की ऊसतोडीला नवरा-बायकोंचे कोयते कसे निघतात, तुला वेगळं सांगायला नको. अकरा जणी जमल्या, त्यात आया दोनच, बाकी आज्या. सेविका गुणी पोर, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं प्रत्येकीला पुस्तक दिलं आणि मी शिकवलेलं सगळं सांगितलं. एका आजीनं पुस्तक पदरानं पुसून मांडीवर ठेवलं. नातू पान उलटायला लागला तसा त्याचा हात धरला, ‘फाटंल रं, बाईचं हाय.’

सेविकेनं तक्ता काढला. तो मीच बनवलेला. तिसरा रकाना, ‘पालकाने पुस्तक वाचून दाखवले का? होय / नाही.’ तिनं आजीसमोरच लिहिलं. आजीनं विचारलं, ‘माझ्या नावापुढं काय लिवलं बाई?’ पोर खरं बोलणारी, तिनं सांगून टाकलं. आजीनं पुस्तक सतरंजीवर नीट ठेवलं, नातवाला काखोटीला मारलं आणि निघून गेली. पुढच्या दोन्ही मेळाव्यांना ती आली नाही.

त्या रात्री मला वर्षभरातले सगळे भूमिकाभिनय आठवले. त्यातल्या सगळ्या ‘आया’ घडाघडा वाचत होत्या! वाचणारच, शिकलेल्या बायका त्या. वाचता न येणारी आई माझ्या एकाही प्रशिक्षणात नव्हती. ‘पालक’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळी घरी असणारी, शाळा शिकलेली बाई होती. आणि मी काम करतेय कुठं, तर बीडमध्ये!

नंतर सेविकेनं सांगितलं ते ऐकून तर जेवण गेलं नाही. ती आजी रोज रात्री नातवाला सांगते, आज तुझ्या आईची गाडी कुठं असंल, बैल पाणी कुठं प्याले असतील, फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी कुणी थापली असंल. तो ‘मग?’ म्हणतो, ती पुढं नेते. मधेच तिलाच विचारायला लावतो, आणि मग स्वतःच सांगतो. बयो, मी वर्षभर जे शिकवत फिरले ते हेच की! तिच्या नावापुढं मात्र ‘नाही’.

कंदिलाखालचा तो वर्ग आठवतोय ना? मी हजेरी मोठ्यानं वाचत ‘यांना अजून सही येत नाही’ म्हणाले आणि मावशी उठून गेल्या. ‘खोटं काय बोलले?’ म्हणून मी भांडले, आणि तू आठ दिवस अबोला धरलास. नवव्या दिवशी बोललीस ती फक्त ठेच्याची बरणी माझ्या ट्रंकेत होती म्हणून. हे मी अजून सगळ्यांना सांगते.

पुढच्या बीटला मी एक केलं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट कितीतरी भाषांत फुकट मिळते. तमिळमधली छापून घेतली आणि सेविकांना दिली, ‘लेकराला वाचून दाखवा.’ पाच मिनिटं कुणी बोललं नाही. एकीनं पुस्तक मिटलं, अगदी त्या आजीसारखं. मग कोपऱ्यातली एक जण चित्रातल्या म्हशीवर बोट ठेवून आपल्या आत्याच्या म्हशीची गोष्ट सांगायला लागली, आणि सगळ्या सुटल्या. दुपारी त्यांनीच तो रकाना खोडला. त्याजागी लिहिलं, ‘दोघांनी मिळून काय गप्पा मारल्या?’

पण जुना तक्ता घेऊन चौदा जणी पुढं शिकवताहेत, त्यांचं काय? मी एक सांगते, खाली पोचेपर्यंत फक्त रकाने उरतात. शाळकरी मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या २०२२च्या असर अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. निपुण भारत या सरकारी मोहिमेला २०२६-२७ पर्यंत तिसरीचं प्रत्येक मूल समजून वाचायला हवंय. मलाही हवंय गं, मनापासून. म्हणून सगळ्यांना घाई. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं शाळाच मुलांच्या अंगणात नेली, हे आपण डी.एड.च्या पेपरात लिहिलं होतं. साल तुझं बघूनच मी लिहिलं. अंगणात जाऊन काय करायचं नाही, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तुझ्या धाकटीचं ठरलं, फार आनंद झाला. साडी मी घेणार, त्यावर वाद नको. भाऊजींचं ऑपरेशन नीट झालं ना? छपराचं काम पावसाआधी उरकून घे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मावशी तिसऱ्या दिवशी परत वर्गाला आल्या होत्या. त्यांना तू आणलंस, हे मला माहीत होतं. तू त्यांच्या घरी जाऊन काय बोललीस, हे मी अहंकारापायी कधी विचारलं नाही. कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपून सगळे घरी परतायला, महिना आहे. त्याआधी मला त्या आजीच्या ओट्यावर जाऊन बसायचंय. तू मावशींना काय म्हणालीस, ते शब्दन् शब्द लिही.

तुझीच,
खालच्या कॉटवरची