बाटलीतल्या पाण्याचं काय करू?

सांगली
२१ सप्टेंबर

प्रिय सुऱ्या,

चष्मा शोध, आणि जमलं तर बी.एस्सी.ची केमिस्ट्रीही. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच हसत सुटतोस आणि माझं पुढचं राहून जातं. शिवाय मला तुझं उत्तर कागदावर हवंय. का ते पुढे कळेल.

तब्येत बरी. शुगर आहे तिथेच आहे, सुमनची पाठ पावसात धरते तेवढी धरली. झालं.

तर गाडी, माझी नवी मोटरसायकल. तिच्या फोटोवर तू फक्त 'म्हातारचळ' एवढंच लिहिलंस, ते मी विसरलेलो नाही. असो. सोमवारी ती भर चौकात बंद पडली. आधी गचके, मग फुसफुस, मग गप्प. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेटत नाही. आपली जुनी येझदी असती तर कॉक बंद केला असता, कार्बोरेटरची वाटी उतरवून रुमालाने पुसली असती आणि तू शेजारी उभं राहून चुकीचे सल्ले दिले असतेस. हिला कार्बोरेटरच नाही. टाकीच्या पोटात मोटर बसवलीय, ती पेट्रोल दाबून इंजेक्टरला देते. रस्त्यात बसून करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही रे. मी नुसताच टाकीवरून हात फिरवत उभा.

टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला नेली. सुपरवायझर म्हणजे आपल्या प्रणवच्या वयाचा पोरगा. गाडी चालू होत नाही म्हणून आणली, तर त्याची पहिली नजर फॉगलॅम्पवर. "अंकल, हे बाहेरून लावलेत का?" लावलेत. कंपनीचे दुप्पट किमतीला होते म्हणून बाहेरून घेतले. पण रिले घालून, कपलरला कपलर जोडून, एकही वायर न कापता लावलेत. ते मी त्याला दाखवलं. त्याने मान डोलावली आणि जॉबकार्डावर लिहिलं: 'बाहेरील फिटिंग. इंधनात पाणी. वॉरंटीत बसत नाही.' टाकी साफ करणं, पंप, फिल्टर, इंजेक्टर मिळून साडेआठ हजारांचं एस्टिमेट.

ही तीन वाक्यं एका ओळीत कशी आली, एवढंच मला विचारायचं होतं. फॉगलॅम्पमधून टाकीत पाणी जातं का? वॉरंटीचं पुस्तक मी घरी येऊन अथपासून इतिपर्यंत वाचलं. (सुमन म्हणाली, लग्नात मंगलाष्टकंसुद्धा इतक्या लक्ष देऊन ऐकली नव्हतीत.) बाहेरच्या पार्टमुळे बिघाड झाला तर तो वॉरंटीत नाही, असं त्यात आहे. बाहेरचा पार्ट दिसला की सगळी वॉरंटी गेली, असं कुठेही नाही. भेसळीच्या इंधनाने झालेलं नुकसान मात्र नाही म्हणजे नाही, ते स्वच्छ छापलंय. म्हणजे फॉगलॅम्पचा मुद्दा मी जिंकतो आणि पाण्याचा हरतो. हरतो का, हेच तुला विचारायचंय.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. टाकीतून काढलेलं पेट्रोल त्यांनी एका पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. वर पेट्रोलचा रंग, खाली जवळजवळ बिनरंगी दोन बोटं थर आणि मधे पट्टीने आखावी तशी रेघ. हलवली की सगळं दुधट व्हायचं, मिनिटभराने रेघ पुन्हा जागेवर. तिथल्या कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र विलिंग्डनची लॅब, ते सेपरेटिंग फनेल आणि त्याचा नळ उघडा टाकून चहाला पळालेला तू आठवलास.

ती बाटली मी घरी आणलीय. तू लॅबमधून ढापलेला मेजरिंग सिलिंडर माळ्यावरून काढला. कॉलेजने अजून तो मागितलेला नाही. रविवारी ज्या पंपावर टाकी भरली होती, त्याच पंपावरचं ताजं पेट्रोल त्यात १०० मिली घेतलं, वर १० मिली पाणी ओतलं, हलवलं आणि ठेवून दिलं. खालचा थर १० वर थांबला नाही, ३० च्या आसपास गेला. म्हणजे २० टक्के इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या गळ्यात पडलं. पंपावरचं पेट्रोल म्हणजे पाटीवर लिहिलंय तेच, ई-२०. ओतण्याआधी त्यात पाण्याचा थर नव्हता. पण हे ताजं पेट्रोल, रविवारचं नव्हे.

इथे सगळे एकच सांगतात की 'इथेनॉलमुळेच झालं'. मला ते पटत नाही. माझ्या टाकीच्या झाकणाशी ई-२० चं लेबल आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर, पाइप, सील त्याला चालतील असेच बनवलेत. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं, ते मान्य. पण खरी गंमत वेगळी आहे, आणि ती तुलाच सांगून उपयोग. थोडं पाणी, लिटरमागे चमचाभर म्हण, इथेनॉल स्वतःत जिरवून टाकतं. इथेनॉल नसलेल्या जुन्या पेट्रोलमध्ये तेवढंही तळाशी थेंब होऊन बसायचं. मात्र त्याच्या पलीकडे गेलं की इथेनॉलच पाण्याबरोबर खाली उतरतं. थर पाण्याहून मोठा होतो आणि पंप ओढतो तळातूनच. इंजिनाच्या तोंडात पहिला घास तोच. बरोबर ना? चुकत असेन तर समासात लाल शाईने लिही, आचरेकर सरांसारखं.

गंमत म्हणजे धाकट्याचा ऊस कारखान्याला जातो, कारखाना इथेनॉल काढतो आणि ते माझ्या टाकीत येतं. तो म्हणतो, "दादा, आमच्या उसाला नावं ठेवू नकोस, आता मक्याचंही करतात." वाद मिटला.

तर पाणी आलं कुठून? संशयित तीन. पहिला पंप. रविवारी टाकी फुल्ल केली होती. पण गल्लीतला दूधवाला त्याच सकाळी त्याच मशीनवर भरून गेला, त्याची स्कूटर व्यवस्थित चाललीय. पंपवाल्याने रजिस्टर दाखवलं, डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या पट्टीला) पाणी शोधायची पेस्ट लावून रोज तपासतात. घनता मोजून दाखवली, फिल्टर पेपरवर थेंब टाकला, तो डाग न ठेवता उडाला. मागितलं तर हे त्यांना दाखवावंच लागतं, पण कोण मागतं? दुसरा संशयित पाऊस. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खाचेतलं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की पाणी झाकणाशी साठतं आणि आत झिरपतं. तिसरा, आणि माझं मत याच्यावर, खुद्द सर्व्हिस सेंटर. शनिवारी पहिली सर्व्हिसिंग केली, तेव्हा पोराने प्रेशरचा पाइप थेट झाकणावर धरलेला मी काचेतून पाहिला. शनिवारी धुलाई, सोमवारी बंद. आणि ते बुजलेलं भोक साफ करणं हेही सर्व्हिसिंगच की! हे मी बोललो तर सुपरवायझर म्हणतो, "अंकल, पाणी पाणी असतं, त्यावर कोणाचं नाव नसतं." पोरगा हुशार आहे, पण माझ्या बाजूने नाही.

प्रणवचा यात फायदा चाललाय. तो म्हणतो, वॉरंटी गेलीच आहे तर सायलेन्सर बदलून टाकू. त्याला तो इंदोरी फटाका हवाय. मी म्हटलं, पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवतात, तो व्हिडिओ बघ आधी. गाडीत बेकायदा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली एकेका बदलाला ५,००० रुपये. शिवाय मूळ सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि पाइपात ऑक्सिजन सेन्सर. सेन्सर काढला की मीटरवर पिवळा दिवा लागणार. मग त्या दिव्याला फसवायला आणखी एक डबी विकत घ्यायची. मुळात आवाज वाढतो म्हणजे ताकद वाढते हे खूळ कोणाचं? तुझं! हॉस्टेलच्या मागे हॅकसॉने येझदीच्या सायलेन्सरची जाळी कापणारा कोण होता? मी नको म्हणत होतो. रेक्टरने मात्र दोघांनाही उभं केलं. आणि खंबाटकीत पिस्टन धरला तो ऑइल कमी टाकल्याने, आणि ते तू टाकलं होतंस. हे मी तुला याआधीही लेखी कळवलं आहे.

प्रणवची दुसरी मागणी शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलची, त्यात म्हणे इथेनॉल नसतं. लिटरला दीडशेच्या वर! माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन साडेनऊला एक, त्याला शंभर ऑक्टेन म्हणजे गाढवाला गुळाची चव. मेहुण्याने कारचं ऑइल सुचवलं, ते तर ऐकलंच नाही. हिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरायला लागेल.

आता तुझं काम. पैसे मी भरलेले नाहीत, गाडी त्यांच्याकडेच आहे. शनिवारची धुलाई आणि बुजलेलं भोक या दोन गोष्टी जॉबकार्डावर लिहून द्या, असं मी लेखी मागितलंय. नाही दिलं तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागत नाही म्हणतात, मी स्वतःच उभा राहीन. सुमन म्हणते, साडेआठ हजारांसाठी? अगं, साडेआठ हजारांसाठी नाही, त्या 'बाहेरील फिटिंग'साठी.

मला एवढंच लिहून पाठव: बाटलीतला खालचा थर तपासून ते पाणी पावसाचं की बोअरचं हे ठरवता येईल का? तिथे गाड्या बोअरच्या पाण्याने धुतात. ते इतकं जड आहे की नळांवर पांढरा थर बसतो. क्षार सापडले तर पाऊस सुटतो, असं मला वाटतं. तू उभा जन्म कंपनीच्या लॅबमध्ये काढलास, तुला ठाऊक असणार. नमुना कसा सील करायचा, कुठे द्यायचा तेही सांग. बाटली तूर्त देव्हाऱ्याखालच्या कपाटात होती, ती सुमनने आजच अंगणात काढलीय.

केतकीला नोकरी लागल्याचं वहिनींकडून कळलं, फार आनंद झाला. बडोद्यातलं घर विकायचं ठरलं का? घाई करू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंस ते बरं केलंस की वाईट, मला कळत नाही. वहिनींना नमस्कार.

गुरुवारच्या आत उत्तर टाक. खाली सही आणि 'एम.एस्सी.' लिहायला विसरू नकोस, फाइलला लावायचंय. शिव्या वेगळ्या कागदावर लिही.

तुझा,
बाळ्या