तर्कशास्त्राची धास्ती

महोदय,

तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. करताना आकारिक तर्कशास्त्राचा, म्हणजे युक्तिवादाची रचना चिन्हांच्या साहाय्याने तपासणाऱ्या शास्त्राचा, पेपर सर्वांत अवघड, असे आम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवले गेले आणि वर्गातील अनेकांनी तेव्हाच हाय खाल्ली. खरी अडचण चिन्हांची नव्हती. ‘जर पाऊस पडला तर रस्ता ओला होतो’ या विधानात पाऊस पडलाच नाही, तरी सत्यता कोष्टकात (विधाने खरी-खोटी असण्याच्या सर्व शक्यता ओळींत मांडणाऱ्या तक्त्यात) ते सत्य का धरायचे, या शंकेला ‘नियम आहे, पाठ करा’ एवढेच उत्तर मिळाले. चार घटकविधानांच्या १६ ओळी आम्ही मुकाट्याने भरत राहिलो.

पुढे एका प्राध्यापिकेने समजावले, की ओला रस्ता पाहून पाऊस पडला असे ठरवता येत नाही, कारण पाण्याचा टँकरही गळत गेला असेल. युक्तिवादाची वैधता त्याच्या आकारावर, म्हणजे रचनेवर ठरते, ज्यांवरून निष्कर्ष काढतात ती आधारविधाने खरी आहेत की नाहीत हा वेगळा प्रश्न, हे मला त्या तासाला प्रथम उमगले. तेव्हापासून अग्रलेख वाचतानाही मी निष्कर्षाआधी आधारविधाने शोधते.

विद्यापीठांनी सिद्धता घोकून घेण्याऐवजी भाषणे, जाहिराती आणि न्यायालयीन निकाल यांतील युक्तिवाद विद्यार्थ्यांना तपासायला द्यावेत, आणि सरावाची पुस्तके सुबोध मराठीत काढावीत, ही कळकळीची विनंती.

– एक माजी विद्यार्थिनी, सातारा