सोंडकिड्याची जात ओळखा, मग फवारा

मा. संपादक,
पऱ्हाटीच्या (कापसाच्या) पानांच्या कडा सध्या करवतीने कातरल्यासारख्या दिसताहेत. औषध दुकानात ‘भुंगेरं हायेत, हे मारा’ एवढंच उत्तर मिळतं. हे पटत नाही. पानाला धक्का लागला की किडा खाली पडतो, पाय आखडून मेल्यागत पडून राहतो. तो भिंगाखाली धरा. धान्यातल्या सोंड्याची सोंड बारीक, लांब. याची आखूड, रुंद. अंगावर राखाडी खवले. ही मायलोसेरस प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कीटकशास्त्रज्ञ शोनहर यांनी १८२३ मध्ये मांडलेला. त्यात जाती अनेक, आणि खवले घासून जातात म्हणून नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. किड्याच्या मांडीवरचे दात (काटे), मिशांचे खंड आणि नराचं जननांगही तपासावं लागतं. शिवाय अळ्या जमिनीत मुळं कुरतडतात. वांग्यात तर झाडच सुकतं. पानावरची फवारणी तिथं पोचणार कशी?

परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्यातल्या सोंडकिड्यांची सचित्र ओळखपुस्तिका मराठीत काढावी. गावोगावचे नमुने पीक आणि तारीख लिहून गोळा करावेत. आम्ही शेतकरी ते आणून देऊ. आपणही शेतीच्या पानावर मोठे, स्पष्ट फोटो छापावेत, ही विनंती.

– एक कापूस उत्पादक, सेलू (जि. परभणी)