पोर्टला त्याचा मोड ठासून सांग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नेटवर्क स्विचचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. तू विचारलंस, ‘पोर्ट व्हीलॅन २० मध्ये टाकला की झालं ना?’ नाही रे. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क, पण पोर्ट त्यात टाकून बरेच जण तिथेच थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सिस्कोच्या स्विचवर ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’ ही कमांड एवढंच ठरवते, की पोर्ट ॲक्सेस म्हणून (म्हणजे एका डेस्कसाठी, एकाच व्हीलॅनचा) चालला तर तो २० मध्ये असेल. तो ॲक्सेसच राहील याची हमी ती देत नाही. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचच्या बऱ्याच मॉडेलवर पोर्टचा मूळ मोड ‘डायनॅमिक ऑटो’ असतो. पलीकडून कुणी डीटीपीने (मोड आपसांत ठरवणाऱ्या सिस्कोच्या प्रोटोकॉलने) ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारा दुवा, मागितला, की हा लगेच तयार! मग त्याच केबलवरून टॅग (व्हीलॅनच्या क्रमांकाची खूण) लावून इतर व्हीलॅनमध्येही शिरता येतं. अकाउंट्सचा व्हीलॅन वेगळा काढून काय मिळवलं मग? म्हणून प्रत्येक पोर्टवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ लिहायचंच, आणि त्यानंतर ‘स्विचपोर्ट नोनिगोशिएट’, म्हणजे डीटीपीची बोलणीच बंद. क्रम सांभाळ, मोड डायनॅमिक असताना दुसरी कमांड स्विच घेतच नाही.

डेस्कवर आयपी फोन असेल तर ‘व्हॉइस व्हीलॅन’ त्याच पोर्टवर दे. फोनचं ट्रॅफिक टॅगसह जातं, मागच्या पीसीचं टॅगशिवाय. त्यासाठी ट्रंक करायची गरज नाही.

पोर्टफास्ट, म्हणजे जोडल्याबरोबर पोर्ट चालू करणारी सेटिंग, विसरू नकोस. तो नसेल तर जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले लूप टाळणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) पोर्ट लिसनिंगमध्ये १५ आणि लर्निंगमध्ये १५ सेकंद अडकतो. तेवढ्यात पीसीची डीएचसीपीची (सर्व्हरकडे आयपी पत्ता मागणारी) विनंती वाया जाऊ शकते, तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो आणि लोक सर्व्हरवर खापर फोडतात. पण पोर्टफास्टबरोबर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचे संदेश आले की पोर्ट बंद करणारा) हवाच हवा, म्हणजे कुणी डेस्कखाली स्विच जोडला तर पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे आपोआप बंद, होऊन लूप टळेल. यात मी तडजोड करत नाही, तूही करू नकोस.

एक गोष्ट मात्र फार छळते. व्हीलॅन डिलीट केला तर त्यातले पोर्ट आपोआप व्हीलॅन १ मध्ये परतत नाहीत, निष्क्रिय होतात आणि ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ मध्ये दिसतही नाहीत. आधी पोर्ट हलव, मग व्हीलॅन काढ. रिकामे पोर्ट बंद करून वेगळ्या, कुठेच न वापरलेल्या व्हीलॅनमध्ये ठेव.

सगळं झालं की एखाद्या चालू पोर्टचं ‘शो इंटरफेसेस स्विचपोर्ट’ बघ. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह आणि ऑपरेशनल, दोन्ही मोडपुढे ‘स्टॅटिक ॲक्सेस’ आलं पाहिजे आणि ट्रंकिंगचं निगोशिएशन ‘ऑफ’. तसं नसेल तर ते आउटपुट मला पाठव, आपण बसून बघू.

तुझा मित्र